आमच्या आठवड्यातली जीप

ईरा आणि निशांत, गेल्या महिन्यात ईराच्या जुन्या गाडीचे मागचे दिवे आणि रेडिओ एकदम बंद पडले, तेव्हा तिने सहज म्हणून मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, "काय काय एकाच वेळी गेलं, ते आधी सांग." तर ती हसत सुटली. आजीला गाडीतलं काय कळतं, असं ते हसू होतं. मग तुमच्या आईने मागून आवाज दिला, "अगं, आजीने लहानपणी आख्खी जीप दुरुस्त केली होती, दोन भावांमधलं भांडण मिटवलं होतं!" ते ऐकून मी फोन ठेवला आणि कागद घेऊन बसले. तुमच्या आईने ही गोष्ट गोड करून सांगितली आहे. मी भांडण मिटवलं नाही. ते मिटावं अशी माझी इच्छाही नव्हती. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझं अक्षर पुन्हा सरळ ओळीत येऊ लागलं आहे आणि त्या भांडणातली मोठी माणसं एकेक करून गेली आहेत. म्हणून जे झालं ते झालं तसं आता लिहून ठेवते.

अकोटला आमचं घर गावाच्या कडेला, कापसाच्या जिनिंगच्या वाटेवर होतं. सकाळी जिनिंगचा भोंगा झाला की अंगणातल्या दोन चुली पेटायच्या. एक आमची आणि एक मोठ्या बाबांची. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माझे आजोबा गेले त्या वर्षीच दोघांची वाटणी झाली. वाटणी करून दिली ती बाळापूरच्या हाजीसाहेबांनी. ते आजोबांचे मित्र, सतरंज्यांचे व्यापारी, आणि दोन्ही भाऊ ज्यांच्यासमोर आवाज खाली घेत असे जगातले एकमेव गृहस्थ. वावर वाटलं, बैल वाटले, ताटवाट्या वाटल्या. एका माठाचं झाकण इकडे आणि माठ तिकडे गेला, आणि दोन्ही घरांनी हट्टाने ते तसंच ठेवलं. राहिली जीप. आजोबांनी ती मिलिटरीच्या लिलावातून आणली होती. रंग उडालेली, कापडी छपराची, बसलं की कुठून तरी स्प्रिंग टोचणारी. ती कापता येईना आणि विकायला कुणी तयार होईना. हाजीसाहेब म्हणाले, "एक हफ्ता बडे का, एक हफ्ता छोटे का. इतवार की सुबह चाबी बदलो. बस."

त्या रविवारचं दृश्य मी तुम्हाला नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. ज्याचा आठवडा संपला तो जीपमधलं आपलं ते सगळं काढून घ्यायचा. मोठे बाबा आधी आपली कापसाची गादी काढत. मग आरसा. मग काचेला चिकटवलेला गणपती नखाने खरवडून काढत. शेवटी रबरी नळी तोंडाने ओढून टाकीतलं पेट्रोल डब्यात उतरवत, आणि हे करताना एकदा तरी त्यांच्या तोंडात पेट्रोल जाई आणि ते आमच्या दाराकडे बघून थुंकत. आमची पाळी आली की माझे बाबाही तेच करत. फक्त ते थुंकत नसत. चाव्या हातात दिल्या जात नसत. त्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवल्या जात, आणि दुसरा भाऊ त्या उचलेपर्यंत पहिला पाठ फिरवून उभा राही. अंगणात सगळे असत आणि कुणी कुणाशी बोलत नसे. बोलत ती फक्त मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, आणि तीही कोंबड्यांशी. "खाय वं, खाय," ती दाणे टाकता टाकता म्हणायची, "तुले तरी कोनी अमरावतीले शिकाले नाई धाडलं."

अमरावतीला शिकायला धाडलेली ती मी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, मुलींच्या हॉस्टेलवर राहत होते, आणि आमच्या गल्लीतली तिथवर गेलेली पहिली मुलगी होते. ते कोरडे हंगाम होते. पाऊस लागोपाठ पाठ फिरवून गेलेला, कपाशी गुडघ्याएवढी होऊन थांबलेली, रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी तव्यावरच फुटायची आणि आई ती तुकड्यातुकड्यांनी ताटात रचून वर आंबाडीची भाजी झाकायची, म्हणजे फुटलेली दिसू नये. विहिरी खाली खाली जात होत्या. माझे बाबा विहिरीवरची ऑइल इंजिनं बसवायचे, आणि पाणी खाली गेलं की ते इंजिन उचलून विहिरीत आणखी खालच्या टप्प्यावर उतरवावं लागायचं. त्यामुळे गावोगावचे लोक त्यांना बोलवायचे. साखळी, कप्पी, पाइप, कधी कधी आख्खं इंजिन मागे टाकून ते जायचे. जीपशिवाय ते काम होणार नव्हतं. बैलगाडीने एक गाव होतं तेवढ्यात जीपने चार होत, आणि तेही फक्त एकाआड एक आठवडा.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा बाबांच्या कपाळाला पट्टी होती आणि जीपचा पुढचा मडगार्ड आत गेला होता. अंधार पडल्यावर तेल्हाऱ्याकडून येताना दिवे एकदम गेले आणि जीप पुलाच्या कठड्याला लागली. दिवे जाणं नवीन नव्हतं. बाबांच्या आठवड्यात फ्यूज उडायचा, ते नवा घालायचे, तोही उडायचा. मोठ्या बाबांच्या आठवड्यात मात्र दिवे रविवार ते रविवार जळायचे. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण मोठे बाबा ते सगळ्या गल्लीला सांगत होते. ते जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर मुकादम होते. त्यांचा आवाज मशीनवरून पलीकडे जाण्यासाठी घडला होता आणि घरी आल्यावरही तो तसाच राहायचा. "माया हप्त्यात बत्ती जयते, अन् याच्या हप्त्यात काहून नाई जयत?" ते दारातून विचारायचे, आम्हाला नाही, रस्त्याला. "मुद्दाम करून राहिला तो. जीप मोडली का म्हनते भंगारात देऊ, अन् भंगारवाला कोन? त्याचाच दोस्त. नियत पाय म्हना नियत!"

त्यांनी हाजीसाहेबांना निरोप धाडला. मागणी एकच होती. धाकटा जीप मोडतो आहे, म्हणून जीप पूर्णपणे थोरल्याला द्यावी. हाजीसाहेबांनी येत्या रविवारी, चावी बदलायच्या वेळी येतो म्हणून कळवलं. त्या संध्याकाळी जेवताना बाबा मला म्हणाले, "बाई, जीप गेली तर मले हे काम नाई जमनार. मंग तुले अमरावतीले ठेवनं बी नाई जमनार." मला हे नवीन नव्हतं. तिवस्याकडचं एक स्थळ मोठ्या आईनेच सुचवलेलं होतं, तिच्या मामेबहिणीचा मुलगा. आणि ते फार चांगल्या मनाने सुचवलं होतं असं ती सगळ्यांना सांगत होती. "पोट्टी दिवसादिवसानं वाढून राहिली, विहिरी दिवसादिवसानं आटून राहिल्या," असं तिचं म्हणणं. यात एकाचा दुसऱ्याशी काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही.

आठवडा आमचाच चालू होता, म्हणजे जीप माझ्या हाताशी होती. आमच्या कॉलेजात फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं, आणि मी ते आवडीने करणारी होते. स्टीअरिंगच्या खाली डाव्या अंगाला पत्र्याची छोटी डबी होती. तिच्यात चिमट्यांमध्ये काचेच्या नळीचे फ्यूज बसवलेले. दिव्यांचा फ्यूज उडालेलाच होता. मी तो काढला आणि त्याच्या जागी एक बल्ब दोन तारांनी जोडला. साधी गोष्ट आहे, तुम्हीही करू शकाल. पुढचे मागचे सगळे दिवे त्यांच्या तारांपासून सोडवून ठेवायचे आणि बटण ओढायचं. मग फ्यूजच्या जागचा बल्ब लागायला नको. लागला, तर समजायचं की कुठेतरी वीज तारेतून निसटून गाडीच्या लोखंडात जाते आहे. मग एकेक तार सोडवत जायचं. जी सोडवल्यावर बल्ब विझेल ती चोर. मी हे सगळं क्रमाने केलं आणि बल्ब लागलाच नाही. जीप निर्दोष होती. दारातून मोठी आई कोंबड्यांना म्हणाली, "पाय वं, कॉलेज पाय."

मी दिवसभर तिथे बसून राहिले. भाकरी आईने तिथेच आणून दिली. ऊन असं होतं की पान्हा जमिनीवर ठेवला तर परत उचलता येत नव्हता. दुपारी बाबांनी पातुर्ड्याला न्यायचं इंजिन चार माणसांकडून जीपमध्ये चढवलं, म्हणून मी बाजूला झाले, आणि इंजिन बसलं तशी जीप मागून खाली बसली, आणि माझा बल्ब लागला. मी बटण बंद करायला विसरले होते. अशा वेळी माणूस ओरडतं, पण मी ओरडले नाही. मी मागच्या दिव्याची तार सोडवली. बल्ब विझला. पुन्हा जोडली. लागला. मग सतरंजीवर पाठ टेकून जीपखाली गेले. मागच्या फळीच्या खालून ती तार चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्याला घासून जात होती, आणि ओझं आलं की पट्टा तिच्यावर टेकत होता. बाबा इंजिनं नेत, मोठे बाबा मोकळी जीप नेत. म्हणून आमच्या आठवड्यात फ्यूज उडत होता. एवढं पुरे होतं, मी बाबांना तेवढ्यावरच बोलावणार होते. पण तार मी हातात घेतली तेव्हा तिच्यावरचं कापडी आवरण भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सुटून आलं. केवळ घासलेल्या जागीच नाही, तर पुढे डबीपर्यंत, हातभर हातभर.

ईरा, यात काय चुकतंय ते तुला सांगते. फ्यूज असतोच यासाठी की तार तापायच्या आधी त्याने स्वतः जळून जावं. आमच्या आठवड्यात तो जळत होता. म्हणजे आमच्या आठवड्यात तार तापतच नव्हती. मग ती भाजली कधी? मोकळ्या जीपलाही खड्ड्यात धक्का बसतो, तिथेही तार क्षणभर टेकणारच, तिथेही फ्यूज कधीतरी उडायलाच हवा. मोठ्या बाबांचा एकदाही उडाला नव्हता. मी डबीतला चिमटा पुन्हा पाहिला. त्याच्या दोन्ही ओठांवर ओरखडे होते आणि गंजाचा तांबूस पट्टा होता. काचेच्या नळीच्या टोकाला गंज येत नाही. ही खूण कशाची, हे अकोटच्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं. रुईच्या गाठी ज्या लोखंडी पट्टीने आवळतात, तिच्याशिवाय आमच्या गावाचं पानही हलत नसे. दाराची कडी त्या पट्टीची, खाटेची दुरुस्ती तिची, बादलीचा कान तिचा, कपडे वाळवायला ताणलेली तीच. प्रेसवरच्या मुकादमाच्या खिशात तर तिचे तुकडे सुपारीसारखे असायचे.

मी दिवे परत जोडले, तार मात्र पुरावा म्हणून तशीच ठेवली, आणि बाबांना सांगितलं. ते चिमट्याकडे बघून म्हणाले, "त्याले सांगून उपयोग नाई. हाजीसाहेबापुढं बोल." त्या रविवारी जीप आम्ही द्यायची होती. बाबांनी इंजिन सोडून आपलं सगळं काढलं, चावी कट्ट्यावर ठेवली; इंजिन उतरवायला चार माणसं यायची होती. हाजीसाहेब अंगणात खुर्चीवर बसले होते, आईने दिलेला चहा डाव्या हाताला आणि मोठ्या आईने दिलेला उजव्या हाताला, आणि ते दोन्हीतून एकेक घोट आळीपाळीने घेत होते. मोठ्या बाबांनी आपली तक्रार मांडली. मग बाबांनी मला पुढे केलं. मी जे तुम्हाला सांगितलं तेच सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की मोठ्या बाबांच्या आठवड्यात फ्यूजच्या जागी लोखंडी पट्टी असते, आणि रविवारी ती निघते.

मला वाटलं होतं ते नाकारतील. पण त्यांनी छाती काढून खिशात हात घातला. "असते! मंग?" त्यांनी पट्टीचा तुकडा सगळ्यांना दाखवला, वाकवून, टोकं घासून नीट बसेल असा केलेला. "माई पट्टी हाय, मी काढून नेतो. गादी नेतो, आरसा नेतो, पट्टी काहून ठेवू? याचा फ्यूज दमाचा नाई, फुक्कन उडते. माई पट्टी आज तीन हंगाम झाले, उडाली नाई. ज्याले अक्कल हाय त्याची बत्ती जयते."

"मोठे बाबा, ती उडत नाही म्हणूनच तार जळते," मी म्हणाले.

"पोट्टे, तू मले शिकोतं का? तुया बापानं पुलाले ठोकली, अन् तार मी जाळली?"

हाजीसाहेबांनी दोन्ही कप खाली ठेवले. "झगडा काहे का? आजमाओ. इंजन गाडी में है?" ते होतं, पातुर्ड्याचं काम अर्धवट राहिलं होतं. "बडे, तुम अपनी पट्टी लगाओ. बत्ती जलाओ. देख लेंगे."

मी म्हणाले की ओझं असताना पट्टी लावू नका, तार पेटेल. मी ते हाजीसाहेबांना म्हणाले, बाबांना म्हणाले आणि मोठ्या बाबांनाही म्हणाले. मोठे बाबा हसले. त्यांनी आधी आपली गादी आणून बसवली, कारण आपल्या गादीशिवाय ते त्या जीपमध्ये कधी बसले नव्हते. पट्टी चिमट्यात दाबली. बटण ओढलं. पुढचे दिवे लागले, उन्हातही दिसले, आणि ते हात वर करून म्हणाले, "पाय! पाय, जयते का नाई?" ते आणखी काही म्हणत होते, इतक्यात सीटखालून निळसर धूर निघाला. आधी रबर जळल्याचा वास, मग कापूस जळल्याचा. कापूस कसा पेटतो हे जिनिंगच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. गादी बसल्या जागी लाल झाली. मोठे बाबा उडी मारून बाहेर पडले आणि परत आत वाकून त्यांनी ती पट्टी हाताने ओढली, आणि ती त्यांच्या बोटांना चिकटली. त्यांच्या त्या ओरडण्याएवढा मोठा आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

मोठी आई पाणी आणायला धावली, आणि धावली ती आमच्या रांजणाकडे. तिचा स्वतःचा रांजण चार पावलं अलीकडे होता. आई आडवी झाली. "थे प्यायचं पानी हाय! तुमचं घ्या!" पेटलेल्या जीपसमोर त्या दोघी एका तांब्यासाठी झोंबत होत्या, आणि तो दुष्काळ मला आठवतो तो असा आठवतो. आग विझवली ती बाबांनी, बॅटरीची तार उपटून आणि चुलीतल्या राखेचं टोपलं ओतून.

धूर निवल्यावर हाजीसाहेबांनी मोठ्या बाबांना विचारलं, "बडे, गाडी चाहिए?" मोठे बाबा बसले होते आणि त्यांचा भाजलेला हात मोठ्या आईने पदरात धरला होता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, ज्या हाताला काही झालं नव्हतं त्या हाताचं. "या पोट्टीनं पेटोली. कॉलेजात हेच शिकोतेत. जयेल भांडं मले कायले पायजे? द्या त्यायले, घाला त्यायच्या मढ्यावर." हाजीसाहेब म्हणाले, "ठीक है. छोटे की हुई," आणि टोपी सारखी करून उठले. न्याय असा झाला. मला तो न्याय वाटला नाही, कारण जीप आम्हाला मिळाली ती माझं म्हणणं बरोबर होतं म्हणून नाही. ती जळाली म्हणून मिळाली.

उरलेली सुट्टी बाबांनी आणि मी त्या जीपखाली घालवली. अकोल्याहून नवी तार आणली, प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, लोखंडाजवळून जाईल तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, आणि बाबा दर गाठीला विचारायचे, "हे कोनाची वं?" आणि मी सांगायची. कॉलेज उघडलं तेव्हा मला अमरावतीला सोडायला जीप मोकळी नव्हती, ती कुठल्यातरी विहिरीवर होती. मी एस.टी.ने गेले आणि मला कधी इतका आनंद झाला नव्हता. पुढे मी शिकले, शिकवायला लागले, तुमचे आजोबा भेटले, ते सगळं तुम्हाला माहीत आहे.

मोठे बाबा त्यानंतर माझ्याशी एकदाही बोलले नाहीत. माझ्या लग्नाला आले नाहीत. रस्त्यात मी दिसले तर बोटं आखडलेला तो हात वर करून सोबतच्या माणसाला सांगत, "हेच ते." माझे बाबा गेले त्या दिवशी ते रस्त्यापलीकडे येऊन उभे राहिले, आणि तिरडी उचलली तसे परत गेले. तुमची आई म्हणते की ते तरी आले ना. मी म्हणते की रस्ता चार पावलांचा होता.

आता तिथे काही नाही. जीप भंगारात गेली, जिनिंग बंद पडली, दोन्ही घरं विकली गेली. त्या आगीनंतरच्या हिवाळ्यात मोठ्या बाबांनी अंगणाच्या मधोमध विटांची भिंत घातली होती, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ती मुद्दाम हातभर उंच केली होती. मागच्या दिवाळीत मी अकोटला जाऊन आले. दोन्ही बाजूंना नवी माणसं राहतात, त्यांचं एकमेकांशी काही वाकडं नाही. भिंत तशीच आहे.